कानाजवळचा जनरल

दुपारची झोप उडाली की जुन्या दरबारांविषयी वाचत पडावं. त्यात लढाया थोड्या आणि ‘आत्ता आत कोण बसलंय?’ ही चौकशी फार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्रशिया या जर्मन राज्याच्या दरबारात, म्हणजे बर्लिन-पोट्सडामला, कुणी ही चौकशी केली असती, तर बहुतेक वेळा उत्तर एकच मिळालं असतं : गेर्लाख.

लेओपोल्ड फॉन गेर्लाख, जन्म १७९० चा, बर्लिनचा. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाची धूळधाण केली, तेव्हा हा कोवळा पोरगा सैन्यात होता. १८१३ नंतरच्या मोहिमांत प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याच्या मुख्यालयात. दुसऱ्या कुणी एवढ्या शिदोरीवर जन्मभर आठवणी सांगितल्या असत्या. गेर्लाखचं वजन मात्र वाढलं ते राजाबरोबरच्या कॉफीवर.

प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा हुशार, बोलका, हळवा. आणि शेवटी जो बोलला त्याचं पटवून घेणारा. अशा धन्यापाशी पदापेक्षा वेळ महत्त्वाची. मंत्र्याने कागद तयार करायचे, भेट मागायची, बोलावणं येईपर्यंत थांबायचं. १८५० पासून गेर्लाख अॅडज्युटंट-जनरल, म्हणजे राजाच्या दिमतीचा लष्करी अधिकारी. त्याला भेट मागावीच लागत नसे. मंत्री पोचेपर्यंत राजाचं मत अर्धंअधिक शिजलेलं असे. हुकमावर सही दुसऱ्याची, संसदेपुढे उत्तर देणारा दुसरा. गेर्लाखच्या हाती फक्त पेला.

या कलेची सुरुवात मार्च १८४८ ची. क्रांतीची लाट आली, बर्लिनच्या रस्त्यांवर बंडखोरांचे अडथळे उभे राहिले, राजाने सैन्य मागे घेतलं, उदारमतवादी मंत्रिमंडळ आलं. महिना संपायच्या आत गेर्लाख, त्याचा भाऊ लुडविग आणि आणखी काही मंडळींनी पडद्याआड दुसरं मंत्रिमंडळच थाटलं. त्याला ते स्वतःच फ्रेंचमध्ये ‘गुप्त मंत्रिमंडळ’ म्हणत! त्याच वर्षी त्यांच्या गोटाचं वर्तमानपत्रही निघालं. त्याच्या माथ्यावर लोखंडी क्रॉस, म्हणून लोकांत नाव ‘क्रॉइत्सत्साइटुंग’. नोव्हेंबरात त्यांच्या पसंतीचा काउंट ब्रांडेनबुर्ग पंतप्रधान झाला आणि जनरल व्रांगेल सैन्यासह बर्लिनमध्ये शिरला. डाव फत्ते. पण ५ डिसेंबरला याच सरकारने संसद मोडून वर राज्यघटना बहाल केली. गेर्लाखला घटना हा प्रकारच नको होता. माणूस आपण बसवावा आणि त्याने भलतंच करावं, या धंद्यातली ही नेहमीची रड.

दुसरी अडचण वाटेची. राजाच्या कानाकडे जाणारी वाट एकट्याची कधीच नसते. पोलीसप्रमुख हिंकेल्डाय थेट राजाला भेटे. पंतप्रधान मांटॉयफेल तर या कॉफीला इतका वैतागला, की ८ सप्टेंबर १८५२ रोजी त्याने राजाकडून एक आदेश मिळवला : युद्धमंत्री सोडून बाकी मंत्र्यांनी आधी पंतप्रधानाशी बोलायचं, मग राजाकडे जायचं. आदेश चोख, पण तो मंत्र्यांसाठी. गेर्लाख कुठे मंत्री होता? त्याची कॉफी चालूच.

तिसरी अडचण कागदाची. या मंडळींना लिहिण्याची भारी हौस. गेर्लाख आणि राजाचा खासगी सचिव नीबूर यांच्या पत्रांच्या नकला नोकरांकडून मिळवून टेखेन नावाच्या माजी लेफ्टनंटाने त्या फ्रेंच वकिलातीला विकल्या. १८५५ चं हे प्रकरण. त्याआधी नकला मांटॉयफेलच्या माणसांकडे जात होत्या, म्हणजे पंतप्रधान राजाच्या सल्लागाराची पत्रं चोरून वाचत होता. गुपितांवर जगणाऱ्यांनी निदान खणाला कुलूप लावावं.

पुढे जर्मनीचा चान्सेलर झालेल्या बिस्मार्कला १८५१ साली फ्रँकफुर्टला प्रशियाचा राजदूत म्हणून धाडण्यात गेर्लाखचा मोठा हात. पुढे तोच चेला उलटून वाद घालू लागला. गेर्लाखचं म्हणणं, फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा म्हणजे क्रांतीचं पिल्लू, त्याच्याशी सोयरीक नको. १८६० मध्ये बिस्मार्कने त्याला लिहिलं, चौसष्टपैकी सोळा घरं आधीच वर्ज्य केली तर बुद्धिबळ खेळायचं कसं? तोवर गेर्लाखचा पट उधळलेला होता. १८५७ साली राजाला झटके आले, कारभार भाऊ विल्हेल्मकडे गेला. नव्या धन्याला ही कॉफी नको होती. २ जानेवारी १८६१ ला राजा वारला. १० जानेवारीला गेर्लाखही गेला.

मांटॉयफेलचा तो आदेश मात्र दप्तरात राहिला. १८९० च्या मार्चमध्ये चान्सेलर बिस्मार्कने त्याच्यावर बोट ठेवून मंत्र्यांना परस्पर सम्राटाकडे (प्रशियाचा राजा आता जर्मन सम्राटही होता) जायला मज्जाव केला. तरुण विल्हेल्म दुसऱ्याने आदेशच रद्द करा म्हटलं, आणि बिस्मार्कने राजीनामा दिला. पुढच्या वर्षापासून गेर्लाखच्या टिपणवह्या दोन जाडजूड खंडांत छापून आल्या. पाल्हाळ फार आहे, पण दुपार निघून जाते.