मिठाची बरणी आणि ६५ अंडी

बाविसाव्या दिवशी दुपारी अंडी उबवायचं मशीन बंद केलं. ९६ अंड्यांतून ३१ पिल्लं. बचत गटाच्या बायकांनी ७० पिल्लांचे पैसे आगाऊ दिले होते. त्यांना काय सांगायचं, हा विचार करतच ट्रे पडवीत आणला.

मशीन विकणाऱ्याला फोन लावला. "ताई, पिल्लं कवचात सुकून मरतायत. पाणी वाढवा." जूनमधल्या उबवणीनंतरही तो हेच म्हणाला होता. मी वाढवलंही. तेव्हा निदान चाळीस तरी निघाली होती!

या वेळी राहिलेली अंडी खड्ड्यात पुरण्याआधी एकेक फोडून बघायची ठरवलं. नाकाला ओढणी बांधून बसले. नऊ वांझ, बलक जसाच्या तसा. सहांमध्ये रक्ताचं कडं, म्हणजे सुरुवातीलाच मेलेली. एक तर हातात घेताच फुटलं, त्याबद्दल न बोललेलंच बरं. उरलेल्या ४९ अंड्यांत मात्र पुरतं वाढलेलं पिल्लू.

एक हळूच सोललं. बोथट टोकाकडची हवेची पोकळी जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी. अठराव्या दिवशी ती अंड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी हवी. पिल्लू आधी त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं, मग कवच फोडतं. याची चोच तिथवर पोचलीच नव्हती. अंग सुजलेलं, पिसं चिकट पाण्यात भिजलेली, बेंबीशी बलक अजून बाहेरच. दुसरं तसंच, तिसरं तसंच. सुकून मेलेलं पिल्लू असं लिबलिबीत कसं असेल?

आई तांदूळ निवडत बघत होती. म्हणाली, "आषाढात चिपळुणात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि तू अंड्यांना पाणी पाजतेस? आपली खुडूक कोंबडी काय तांब्या घेऊन बसते?"

पण मीटर तर रोज ५५ टक्के आर्द्रता दाखवत होता. तेवढी राहावी म्हणूनच मी पाणी घालत होते. मग मीटरच तपासायला घेतला. बाटलीच्या टोपणात मीठ घेतलं, चिखल होईल इतकंच पाणी घातलं, आणि टोपण नि मीटर एका बरणीत ठेवून झाकण घट्ट लावलं. अशा बरणीत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मीटरवर आकडा होता ५९.

म्हणजे मी ५५ समजत होते तेव्हा आत सत्तरीच्या आसपास होती. अंड्यातलं पाणी उडायला वावच नव्हता, म्हणून हवेची पोकळी वाढलीच नाही. घरातल्या पाऱ्याच्या थर्मामीटरने तापमानही पडताळलं, ते ३७.६ अंश, बरोबर होतं. तेवढाच दिलासा.

पुढच्या खेपेला अठरा दिवस पाण्याचा ट्रे कोरडा ठेवला. बारा अंड्यांवर पेन्सिलीने आकडे घातले आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन केलं. ५० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ४४ च्या आसपास यायला हवं. माझी ४३ ते ४५ मध्ये होती. पाणी घातलं ते शेवटच्या तीन दिवसांतच.

७८ पिल्लं निघाली. गटाची ७० चुकती केली, आठ आईने ठेवून घेतली. मीटर अजून मशीनमध्येच आहे. त्यावर चिकटपट्टी लावून "+१६" लिहिलंय.