घोडबंदर रस्त्यावरचे लाल ठिपके

रुग्णवाहिकांमध्ये डेटा-जोडणीची यंत्रणा बसवणे आणि ती चालू ठेवणे हे माझे काम आहे. ठाण्यातील एका खासगी रुग्णवाहिका सेवेने आम्हाला बोलावले, तेव्हा तक्रारीबरोबर त्यांनी एक नकाशाही तयार ठेवला होता. प्रत्येक गाडीतला राउटर, म्हणजे सिमकार्डावरून गाडीला इंटरनेट जोडणी देणारे यंत्र, दर १० सेकंदांनी आपले ठिकाण नियंत्रण कक्षाला कळवतो. काम हाती असताना जिथे हा निरोप एका मिनिटाहून अधिक काळ थांबला, तिथे लाल ठिपका. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशा ठिपक्यांची दाटी झाली होती आणि निष्कर्षही ठरून गेला होता. उंच इमारती, मेट्रोचे काम, पलीकडे येऊरचा डोंगर, म्हणून इथे नेटवर्क मिळत नाही. महागडे अँटेना आणि आणखी एका कंपनीची सिमकार्डे घेण्याचा प्रस्ताव लेखा विभागापर्यंत पोचलाही होता.

मला तो नकाशा खटकला. सिग्नलचीच अडचण असती, तर धावत्या गाडीच्या वाटेवर ओळीने ठिपके पडायला हवे होते. इथे ते रस्त्यावर कमी आणि गृहसंकुलांच्या फाटकांत, इमारतींच्या पोर्चमध्ये जास्त होते. इमारतीच्या आडोशाला सिग्नल कमी होतो, हे उत्तर मला लगेच मिळाले, आणि ते चुकीचेही नाही. पण मग पाटलीपाड्याजवळ गाडी कामाची वाट पाहत उभी राहते त्या उघड्या जागेवर इतके ठिपके कसे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. म्हणून परवानगी घेऊन मी एका गाडीत चालकाशेजारी लॅपटॉप घेऊन बसले.

वाघबीळच्या पुढच्या एका संकुलातून कॉल आला. छातीत दुखत असलेले एक वयस्क गृहस्थ, वरच्या मजल्यावरचे घर. स्ट्रेचर उचलायला दोन माणसे लागतात, म्हणून चालकाने इंजिन बंद केले, चावी खिशात टाकली आणि तो पॅरामेडिकबरोबर वर गेला. बारा लीडचा ईसीजी त्यांनी घरातच काढला. रुग्णाला खाली आणून गाडीत घेतले, दार लागले, इंजिन सुरू झाले आणि पॅरामेडिकने मॉनिटरवरचे ‘पाठवा’ दाबले. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले आणि ‘जोडणी नाही’ असा संदेश आला. त्याने एक क्षणही वाया घालवला नाही. ईसीजीची पट्टी मांडीवर सरळ धरली, स्वतःच्या मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि ड्युटीवरच्या हृदयरोगतज्ज्ञांना व्हॉट्सॲपवर धाडला. मी मागे वळून पाहत होते तेवढ्यात त्या फोटोखाली दोन निळ्या खुणा उमटल्याही.

त्याच जागी, त्याच मिनिटाला खिशातल्या साध्या फोनवरून फोटो जातो आणि छतावर खास अँटेना असलेल्या राउटरमधून जात नाही, तर दोष हवेतल्या नेटवर्कचा असणे कठीण. लॅपटॉपवर राउटरचे पान उघडू पाहिले, तर तेही उघडेना. डॅशबोर्डखाली वाकून पाहिले, तेव्हा सिमचे दोन्ही दिवे विझलेले होते आणि पॉवरचा एकटा दिवा लुकलुकत होता. राउटर नुकता कुठे जागा होत होता. तो पूर्ण सुरू होणार, मग सिमची नोंदणी, मग नियंत्रण कक्षाशी सुरक्षित जोडणी. या सगळ्याला दीड-दोन मिनिटे लागतात. आम्ही मानपाड्याचा उड्डाणपूल गाठण्याआधीच सगळे दिवे हिरवे झाले होते.

फोटो वेळेत पाहिला गेल्यामुळे रुग्णाला थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून उपचार करतात त्या कक्षात, नेण्यात आले. गाडी रिकामी झाल्यावर मी चालकाला विचारले, “दादा, स्टार्टर मारताना गाडीतलं आणखी काय बंद पडतं?” “रेडिओ बंद पडतो ना, मॅडम. गाणं मध्येच तुटतं. आणि चावी काढली की डॅशबोर्डवरचं सगळंच बंद. गाडी आल्यापासून हे असंच आहे.” ही माहिती कोणी विचारली असती तर त्याने पहिल्याच दिवशी दिली असती.

रुग्णालयाच्या पार्किंगमध्येच फ्यूजबॉक्स उघडून राउटरच्या तारेला मल्टिमीटर लावला. चावी पहिल्या टप्प्यावर असताना १२.५ व्होल्ट. चालकाने स्टार्टर मारला, आकडा क्षणभर शून्यावर आला आणि इंजिन धरताच १४ च्या आसपास स्थिरावला. नंतर तीच मापणी थेट बॅटरीवर केली, तेव्हा व्होल्टेज साडेनऊपर्यंत उतरून परत वर आले. एवढा उतार गाडीसाठी बनवलेला राउटर सहज सोसतो. पण राउटर बसवणाऱ्याने वीज घेतली होती ती रेडिओ आणि चार्जरच्या तारेवरून, आणि स्टार्टरला पुरेपूर ताकद मिळावी म्हणून ती तार त्या क्षणी मुद्दाम तोडली जाते. त्यामुळे पेशंट घ्यायला गाडी थांबली की राउटर मरायचा आणि ईसीजी पाठवायची वेळ आली की नव्याने उठत असायचा. नकाशावरचे बहुतेक ठिपके हे गाडी कुठे उभी केली, एवढेच सांगत होते.

दुरुस्तीला विशेष खर्च आला नाही. राउटरला बॅटरीवरून, बॅटरीलगत फ्यूज टाकून, स्वतंत्र तार दिली. चावीचा संकेत वेगळ्या तारेने दिला आणि चावी काढल्यावर तासभर राउटर चालू राहील अशी वेळ बांधली. “बॅटरी उतरली तर जबाबदार कोण?” असे वर्कशॉपने विचारले, आणि रुग्णवाहिकेच्या बाबतीत हा प्रश्न रास्तच आहे. राउटर जेमतेम अर्धा अँपिअर घेतो हे मीटर लावून दाखवले आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेल्यास तो आपोआप बंद व्हावा अशी सोय केली, तेव्हा ते राजी झाले. प्रवासी वाहनांतल्या ट्रॅकरसाठीच्या एआयएस-१४० या मानकात यंत्रामध्येच बॅटरी असावी लागते. तेवढीच काळजी ज्यावरून ईसीजी जातो त्या राउटरची का घेऊ नये, हे मला कळलेले नाही.

नव्या जोडणीनंतर जे ठिपके उरले, ते मात्र खरे होते आणि मुख्यतः गायमुखच्या घाटात होते. तिथे दुसराच घोळ निघाला. ‘ड्युअल सिम’ म्हणून विकलेल्या या राउटरमध्ये मोडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग, एकच होता. एका वेळी एकच सिम चालायचे आणि दुसऱ्यावर जायला बराच वेळ लागायचा. शिवाय सिम टॉवरशी नोंदलेले आहे, एवढ्यावरच तो समाधान मानायचा. त्यातून डेटा खरोखर जातो का, हे तपासतच नव्हता. आता तो दर काही सेकंदांनी आमच्या सर्व्हरला साद घालतो आणि उत्तर आले नाही तर सिम बदलतो. कंपन्या निराळ्या असल्या तरी त्यांची उपकरणे अनेकदा एकाच टॉवरवर असतात, त्या टॉवरची वीज गेली की दोन्ही सिम एकदमच जातात; म्हणून सिम निवडताना कंपनीच्या नावापेक्षा टॉवर वेगळे आहेत का, हे पाहायला मी सांगितले. आपत्कालीन सेवांसाठी वेगळे ब्रॉडबँड जाळे असावे, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१८ मध्ये केली होती; तूर्त तरी आमच्या गाड्या सर्वांच्याच गर्दीतून वाट काढतात.

ईसीजीच्या सॉफ्टवेअरमध्येही बदल करून घेतला. आधी ते एकदा प्रयत्न करून हात वर करत असे. आता पोच मिळेपर्यंत ईसीजी रांगेत राहतो. गाडीच्या ठिकाणाबाबत मात्र ताजी नोंद आधी जाते, मागच्या नोंदी सवडीने. घाटात जाणाऱ्या गाड्यांसाठी दोन मोडेमचे राउटर मागवले आहेत. मोबाइलवरून फोटो पाठवण्यास व्यवस्थापनाला मनाई करायची होती. त्याऐवजी पट्टीवरचा नावाचा भाग झाकून फोटो सेवेच्याच फोनवरून पाठवावा, असे लेखी ठरले आणि प्रत्येक गाडीला तसा एक फोन देण्यात आला.