सांकवाळची वाट

पंढरीची वारी तीनदा केलेली असल्यामुळे गोव्यातल्या बाणावलीहून सांकवाळपर्यंतची एका दिवसाची वाट मी किरकोळ समजलो होतो, आणि वेर्ण्याला पोचेपर्यंत नव्याकोऱ्या बुटांनी माझ्या दोन्ही टाचा सोलून काढल्या. कॅथलिक धर्मगुरू संत जुझे वाझ यांच्या १६ जानेवारीच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, आधीच्या रविवारी आम्ही सात जण पहाटे चारला निघालो होतो. वाझ यांचा जन्म १६५१ साली बाणावलीत झाला. सांकवाळ हे त्यांच्या वडिलांचे गाव. माझे मडगावचे एक सहकारी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत होते, मी मनातल्या मनात हरिपाठ म्हणत होतो, आणि पावलांना दोन्ही सारखेच मानवत होते.

घरी या चालण्याविषयी कुरकुर झाली होती आणि ती निराधार नव्हती, कारण आमचे कुलदैवत लक्ष्मीनृसिंह १५६७ साली पोर्तुगिजांच्या छळामुळे याच सांकवाळहून वेलिंगला हलवावे लागले होते. तरीही मी निघालो. वाझ १६८७ साली हमालाच्या वेशात श्रीलंकेत पोचले, तेव्हा तेथे डच सत्तेने कॅथलिकांच्या उपासनेवर बंदी घातली होती. म्हणजे हा माणूस छळ सोसणाऱ्यांच्या बाजूचा, आणि पुढे त्याला आसरा दिला तो कँडीच्या बौद्ध राजाने, तोही आधी हेर समजून कैदेत टाकल्यानंतर. जाफन्यात भिक्षा मागत फिरताना लपून राहिलेल्या कॅथलिकांना ओळख पटावी म्हणून ते गळ्यात जपमाळ घालीत. हे ऐकताना माझा हात आपसूक तुळशीच्या माळेकडे गेला. ती घातल्यामुळे माझे आजवर काहीच पणाला लागलेले नाही.

वेर्ण्याच्या पठारावर सहकाऱ्यांनी चपला काढून हातात घेतल्या, कारण वाझ अनवाणी चालत. मी, माझ्याच टाचा ठणकत असताना, त्यांना म्हणालो की हे सोपे अनुकरण झाले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली आणि लोक आपल्याच रोग्यांना रानात सोडून आले, तेव्हा त्यांना निवारा देणे, भरवणे, त्यांचे व्रण धुणे हे वाझ यांनी केले, ते अवघड.

“खरे आहे,” ते म्हणाले. “तुमच्या काकांना आता कोण बघतो?”

मी सांगितले, माणूस ठेवला आहे, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. काका राहतात ते फोंडा मडगावहून बसने तासाभराच्या वाटेवर आहे, हे त्यांनाही ठाऊक होते. ते पुन्हा तेर्स म्हणू लागले.

सांकवाळला आगीतून वाचलेली जुन्या चर्चची दर्शनी भिंत उभी आहे. तिच्यामागे काही नाही. मी तेथे बराच वेळ थांबलो, मग मिस्साला न बसताच कुठ्ठाळीकडे वळलो आणि मिळेल त्या बसने फोंड्याला गेलो.

काकांची दाढी आठवडाभराची वाढलेली होती. ठेवलेल्या माणसाकडून मी पाणी आणि साबण मागून घेतला. रेझर धरताना माझा हात कापत होता. काकांनी न बोलता हनुवटी वर केली.