एमजीबीचे सायलेन्सर बदलताना

गाडीचं फायरिंग बिघडलं होतं. ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटाके वाजायचे. खाली शिरून मागचा सायलेन्सर स्क्रूड्रायव्हरने टोचला, तर तो थेट आत! वरून रंग मात्र शाबूत.

गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. इंग्लंडात चाळीस वर्षांवरच्या गाडीला, मोठे फेरफार केलेले नसतील तर, एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणी, माफ असते. सवलत छानच, पण मग खालून काय सडतंय हे बघायला आपल्याशिवाय कोणी नाही.

सायलेन्सर आतून सडतो तो पाण्याने. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात त्याची वाफ निघून जाते. दूध-ब्रेड आणायला दोन मैल गेलो तर सायलेन्सरचा मागचा डबा तापतच नाही आणि पाणी आतच साचतं. या गाडीला वाटेत एक आणि शेपटाला एक असे दोन डबे आहेत. इंजिनापासून लांबचा आधी जातो.

साधं लोखंड घ्यायचं की स्टेनलेस, यावर घरात चर्चा झाली. स्टेनलेसचा आवाज जरा पत्र्यासारखा येतो म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे. तरी मी स्टेनलेसच घेतलं, कारण हे काम पुन्हा करायची हौस नाही. दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवला होता. ३०४ ग्रेडला तो चिकटत नाही, स्वस्तातल्या ४०९ ला चिकटतो. ‘स्टेनलेस’ दोघांवरही लिहिलेलं असतं.

गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला बाहेर ओढतो. मागचा पाइप कापायला मुलगा ग्राइंडर घेऊन आला. म्हटलं, "ठेव तो. टाकी डिकीखाली आहे, पेट्रोल पंपही मागेच. ठिणग्या उडवायची ही जागा नाही." मग हॅकसॉ. हात भरून आले, पण पाइप निघाला.

खरी परीक्षा पुढे, मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागापाशी. तिथे पितळी नट हवेत, कारण पितळ गंजून स्टडला, म्हणजे नट बसतो त्या आटेदार दांड्याला, धरून बसत नाही. आधीच्या कुणीतरी लोखंडी लावले होते. आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवलं. सकाळी नट पाव वळसा सोडायचा, परत आवळायचा, पुन्हा तेल, पुन्हा सोडायचा. जोर लावला की स्टड तुटलाच. पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन्ही एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर वर आडवे आलेले, त्यामुळे मागच्या नटाला पाना लागला की नाही हे बोटांनीच चाचपावं लागतं. शेवटचा नट सुटला तेव्हा कोपरापर्यंत काजळी होती.

नवी लाइन बसवताना कुठलाच क्लॅम्प आधी पक्का करायचा नाही. नवं पॅकिंग टाकून पुढचा पाइप हाताने धरेल इतपत लावला, दोन्ही डबे नव्या रबरांवर टांगले, मग सगळं फिरवून, हलवून बघितलं. तापल्यावर पाइप लांबतो आणि इंजिन रबरांवर डोलतं, म्हणून पाइप आणि बॉडीत सगळीकडे बोटभर जागा सोडली. एका ठिकाणी तेवढी मिळेना; ब्रॅकेटचं भोक कानशीने लांबट केलं. मग पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळत आलो.

गॅरेजचं दार सताड उघडून इंजिन चालू केलं. मुलाने टेलपाइपवर जाड फडका दाबला आणि मी प्रत्येक जोडाशी कान नेला. मधल्या जोडातून फुसफुस ऐकू आली, तिथे एक्झॉस्ट पेस्ट लावून क्लॅम्प पुन्हा बसवला. सुरुवातीला धूर दिसला तो डब्यावरच्या तेलाचा होता, थोड्या वेळात थांबला.

एक लांब फेरी मारून गाडी थंड झाल्यावर सगळे क्लॅम्प परत तपासले. मॅनिफोल्डचे नट जागेवर होते, मागचा क्लॅम्प मात्र चांगला अर्धा वळसा फिरला.