दुभत्या गाईच्या लाथा आणि गॅरंटीड कॉन्ट्रॅक्ट

परवा मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगवाल्यांना पैसे आधीच पक्के असतात, मग कोण कशाला घाम गाळेल. उदाहरण दिलं जॉन वॉलचं. २०२१-२२ चा सीझन, ह्यूस्टन रॉकेट्स, पगार ४ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास आणि खेळलेल्या मॅचेस शून्य. बघ, म्हणाला, बसून खाल्ले.

आता हे ऐकायला बरोबर वाटतं पण वॉलला खेळायचं होतं हो. रॉकेट्सना त्या वर्षी पोरांना खेळवायचं होतं, हरलो तरी चालेल असा कारभार होता, वॉल म्हणत होता की मी स्टार्टर म्हणून खेळेन आणि टीम म्हणत होती बेंचवरून ये, आणि ट्रेड करावा, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन टाकावा, तर एवढा पगार अंगावर घ्यायला कोणी पुढे येईना. म्हणजे पगारही द्यायचा आणि खेळवायचंही नाही. अवघड जागेचं दुखणं म्हणतात ते हेच.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून लिहायला बसलो. मला वाटतं नुसत्या गॅरंटीने खेळाडू बिघडतो हे अर्धवट आहे. गॅरंटीला सॅलरी कॅपची, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेची, जोड मिळाली की टीमचे हात बांधले जातात, आणि मग कोणाचं वागणं किती खपवून घ्यायचं हे त्याची गरज किती आणि त्याला काढायला खर्च किती यावरच ठरतं. दुभत्या गाईच्या लाथा गोड, आणि गाय आटली तरी पाच वर्षं चारा घालायचाच.

आधी थोडी माहिती, ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढे जा. प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट गॅरंटीडच असलं पाहिजे असा एनबीएत नियम नाही. पण एकेका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार द्यायचा याला मर्यादा आहे, मग स्टारला खेचायला टीमच्या हातात उरतं काय, तर जास्त वर्षं आणि पक्की हमी. त्यात टीममध्ये माणसं पंधरा, अमेरिकन फुटबॉलमध्ये त्रेपन्न, त्यामुळे इथे एकेका खेळाडूचं वजन जास्त आणि युनियनही तगडी. फुटबॉलवाल्यांचे आकडे मोठे दिसतात पण त्यातला बराच भाग कागदावरच राहतो, इथे मात्र सही झाली की पैसे जवळपास आलेच. मालकांनी हळूहळू एवढंच केलं की वर्षं कमी करत आणली, लीग आणि युनियनच्या १९९९ च्या करारात सात वर्षांपर्यंत जाता यायचं, २००५ ला सहा, २०११ च्या लॉकआउटनंतर (मालकांनी लीगच बंद ठेवली होती) पाच.

आणि हो, वाईट वागला तर काढता येतं असं कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं बरं का. चांगली वर्तणूक, खिलाडूवृत्ती, शरीर एकदम फिट ठेवणं, हे पाळलं नाही तर टीम करार रद्द करू शकते. कागदावर.

कागदावर का म्हणतो, तर लॅट्रेल स्प्रीवेल. १ डिसेंबर १९९७, गोल्डन स्टेट वॉरियर्सची प्रॅक्टिस, कोच पी.जे. कार्लेसिमो काहीतरी बोलले आणि या माणसाने सरळ कोचचा गळा धरला. लोकांनी ओढून बाजूला केलं, तर थोड्या वेळाने परत आला आणि परत अंगावर गेला. वॉरियर्सने करार रद्द केला, जवळजवळ २ कोटी ४० लाख डॉलर बाकी होते, लीगने वर भर म्हणून एक वर्षाची बंदी घातली. कोणीही म्हणेल झालं, संपला विषय, कोचचा गळा धरल्यावर अजून काय करायचं राहिलं. तर प्रकरण गेलं लवादाकडे, जॉन फीरिक नावाचे लॉ स्कूलचे डीन होते, त्यांनी मार्च १९९८ मध्ये निकाल दिला की शिक्षा जरा जास्तच झाली, करार परत जिवंत, बंदी ६८ मॅचेसवर. स्प्रीवेलचे ६४ लाख डॉलर गेले, बाकीचे पैसे शाबूत.

प्रत्येक मालकाच्या हे बरोबर लक्षात राहिलं असणार. गळा धरूनही करार तुटत नसेल तर वजन वाढलं, तोंड वाकडं केलं, प्रॅक्टिसला उशिरा आला एवढ्यावर काय तुटणार. आणि पुढची गंमत म्हणजे हाच स्प्रीवेल १९९९ च्या सुरुवातीला न्यूयॉर्क निक्सकडे गेला आणि त्याच वर्षी फायनल खेळला! लाथा गोड म्हटलं ना.

पण स्प्रीवेलच्या गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्यावर लोक फक्त हसतात. २००४ मध्ये तो मिनेसोटात, केव्हिन गार्नेट आणि सॅम कॅसेलच्या सोबत, टीम वेस्टच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम अर्ध्याच्या, फायनलपर्यंत पोचलेली. पुढच्या सीझनला त्याचा पगार १ कोटी ४६ लाख होता आणि टीमने त्याच्यापुढची ऑफर दिली तीन वर्षांचे २ कोटी १० लाख. तो भडकला, म्हणाला मला कुटुंब पोसायचंय. हे वाक्य अजून जोक म्हणून फिरतं आणि फिरणारच, एवढ्या पैशात कुटुंब काय छोटं गाव पोसता येईल. पण त्या टीमचं काय झालं बघा. कॅसेललाही नवीन करार हवा होता, तोही नाराज, म्हणजे दोन स्टार्टर अख्खं वर्ष घुसमटत खेळले, फेब्रुवारीत कोच फ्लिप सॉन्डर्सला घरी पाठवलं, आणि आदल्या वर्षी वेस्टची फायनल खेळलेली टीम प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीलाच, गेली नाही. गार्नेट शेवटी २००७ मध्ये बॉस्टनला गेला. स्प्रीवेल त्या सीझननंतर एनबीएत परत खेळलाच नाही.

इथे तर गॅरंटी मिळाली नाही म्हणून टीम बिघडली. हे मित्राला सांगितलं तर म्हणाला तू विषय फिरवतोयस. नाही फिरवत बाबा. पैसे पक्के असले तर काही जण सुस्तावतात हे खरंच आहे, पण पैसे पक्के नसले की माणूस प्रत्येक शॉट स्वतःच्या पुढच्या करारासाठी मारतो, पास द्यायचा तिथे स्वतः चढतो, आणि ते आकड्यांत चांगलं दिसतं. मग कोणीतरी त्या आकड्यांवर फिदा होऊन पाच वर्षांची सही करतं.

जेरोम जेम्स! हे नाव घेतल्याशिवाय हा विषय पूर्णच होत नाही. सात फुटी सेंटर, सिॲटलमध्ये २००४-०५ च्या सीझनला मॅचमागे पाच पॉइंटसुद्धा नाहीत, आणि मग प्लेऑफच्या पहिल्या राउंडला सॅक्रमेंटोविरुद्ध अचानक सतराच्या आसपास. पाच मॅचेस, बस. निक्सचा कारभार तेव्हा आयझया थॉमसकडे, त्यांनी दिले पाच वर्षांचे ३ कोटी. निक्ससाठी तो चार सीझनमध्ये मिळून ९० मॅचेस खेळला. आता यात जेम्सचा दोष किती? होता तसाच होता तो, आधीची वर्षं सगळ्यांसमोर होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मला तर अशा फसलेल्या करारांच्या लिस्टमधल्या अर्ध्या खेळाडूंची दया येते, सही करणाऱ्याने कालची मॅच बघून सही केली आणि शिव्या घेणाऱ्याने आयुष्यभर घेतल्या.

निक्सचीच अजून एक. ॲलन हाउस्टनला २००१ मध्ये सहा वर्षांचे १० कोटी दिले, गुडघे गेले, त्याच्या वागण्यात काही खोट नव्हती, सभ्य माणूस. २००५ ला लीगने सगळ्या टीम्सना एक सवलत दिली, एका खेळाडूला सोडा, पगार द्यावाच लागेल पण त्याच्यावरचा लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारखर्च ठरावीक रेषेवर गेला की लीगला भरायचा दंड, तो माफ. सगळे त्याला ॲलन हाउस्टन रूल म्हणायला लागले कारण निक्स ते कोणावर वापरणार हे उघड होतं. आणि निक्सने वापरलं जेरोम विल्यम्सवर. हाउस्टन त्याच ऑक्टोबरात रिटायर झाला. मी हे जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा हसू येतं, नियमाला ज्याचं नाव त्यालाच नियम लागला नाही.

मला सगळ्यात विचित्र वाटतं ते डॅरियस माइल्सचं प्रकरण. पोर्टलंडने २००४ ला सहा वर्षांचे ४ कोटी ८० लाख दिले. कोच मॉरिस चीक्सना शिवीगाळ करून सस्पेंड होऊन झालं, मग गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी करिअर संपलं असं ठरवलं, २००८ ला पोर्टलंडने सोडलं आणि त्याचा पगार कॅपमधून वगळला गेला. पण नियमात एक पाचर होती, तो दुसऱ्या टीमकडून दहा मॅचेस खेळला तर त्याचे दोन्ही वर्षांचे ९०-९० लाख पोर्टलंडच्या हिशेबात परत बसणार. आणि हा पठ्ठ्या खेळायला लागला ना. मेम्फिसने त्याला घेतलं. तर पोर्टलंडच्या प्रेसिडेंटने उरलेल्या सगळ्या टीम्सना ईमेल पाठवली की फक्त आमचं नुकसान करायला याला घ्याल तर कोर्टात खेचू! एक माणूस ऑपरेशननंतर परत उभा राहतोय आणि त्याची जुनी टीम त्याने उभं राहू नये म्हणून वकील शोधतेय. शेवटी खेळला तो दहा, पैसे परत बसले. यात वाईट वागलं कोण ते तुम्हीच ठरवा.

अलीकडचं बघायचं तर ड्रेमंड ग्रीन. ऑक्टोबर २०२२, वॉरियर्सची प्रॅक्टिस (परत वॉरियर्स, परत प्रॅक्टिस), त्याने जॉर्डन पूलला ठोसा मारला, व्हिडिओ बाहेर आला, सगळ्या जगाने बघितला. टीमने दंड केला पण एकाही मॅचसाठी सस्पेंड नाही केलं. काही दिवसांत पूलला मोठा नवीन करार मिळाला, सगळे मिळून हसले वगैरे, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात ट्रेड झाला तो मार खाणारा पूल आणि मारणाऱ्याला मिळाले चार वर्षांचे १० कोटी. पुढे नोव्हेंबरात त्याने समोरच्या टीमच्या रूडी गोबेअरचा गळा धरला, पाच मॅचेसची बंदी, डिसेंबरात दुसऱ्या एका टीमच्या नुर्किचच्या तोंडावर हात मारला, परत बंदी. वॉरियर्सचा डिफेन्स ग्रीनशिवाय उभा राहत नाही हे मला कळतं, मीही त्यांच्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं, पण मग कल्चर कल्चर करत भाषणं तरी देऊ नयेत.

आणि आता रुसून बसण्याची फॅशन. बेन सिमन्सने २०२१ मध्ये अटलांटा हॉक्सविरुद्धच्या प्लेऑफच्या सातव्या मॅचमध्ये बास्केटखालून सोपा डंक सोडून पास दिला, सगळ्यांनी त्याला धुतलं, आणि तो परत फिलाडेल्फियासाठी खेळलाच नाही. करारातली चार वर्षं बाकी. टीमने जवळपास २ कोटींचा पगार अडवला, म्हणजे पैसे कापता येत नाहीत असं नाही. त्याने आपल्या मानसिक आरोग्याचं कारण सांगितलं होतं आणि ते खोटं होतं असं म्हणण्याचा मला काही अधिकार नाही. फेब्रुवारी २०२२ ला ब्रुकलिनला ट्रेड, पुढे कापलेल्या पैशांवर तडजोडही झाली. तिथे पाठीचं दुखणं, २०२३-२४ मध्ये पंधरा मॅचेस, पगार पूर्ण. जिमी बटलरला मायामीने २०२५ च्या सुरुवातीला एकदा नाही तीनदा सस्पेंड केलं, आणि फेब्रुवारीत तो वॉरियर्सकडे गेला तो लगेच दोन वर्षांचा ११ कोटींच्या घरातला नवीन करार घेऊनच. रुसवा फळला म्हणायचा.

पण लीग-युनियनच्या २०२३ च्या करारानंतर हवा बदलतेय. दुसरं एप्रन म्हणून एक रेषा आणली, त्याच्यावर पगार गेला की टीमला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेड करता येत नाही, ट्रेडमध्ये रोख पैसे देता येत नाहीत, सात वर्षांनंतरचा पहिल्या राउंडचा पिक, म्हणजे नवीन खेळाडू निवडायचा हक्क, गोठतो. आधी श्रीमंत मालक म्हणायचा जाऊ दे, टॅक्स भरतो. आता पैसे असून उपयोग नाही. फिनिक्सने ब्रॅडली बीलला घेतलं, त्याच्या करारात नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे मी जाणार नाही म्हटलं की विषय संपला. ड्युरंट, बुकर, बील, तीन स्टार, आणि २०२४-२५ ला ३६ जिंकल्या ४६ हरल्या, प्लेऑफ नाही. बीलने काही गुन्हा केला नव्हता, आधीच्या टीमने, वॉशिंग्टनने, सही करून दिलेला हक्क वापरत होता एवढंच. जुलै २०२५ मध्ये त्याने १ कोटी ३९ लाखांच्या आसपास सोडले आणि बाहेर पडला. उरलेले फिनिक्सने पाच वर्षांवर ताणले, दर वर्षी १ कोटी ९४ लाख, २०३० पर्यंत, जो माणूस लगेच क्लिपर्सकडे गेला त्याच्यासाठी. त्याच महिन्यात मिलवॉकीने डेमियन लिलार्डला असंच सोडलं, टाचेवरची अकिलीस शीर तुटलेली असताना, ११ कोटींहून जास्त बाकी, पाच वर्षांत विभागून. लिलार्डइतका शहाणा खेळाडू शोधून सापडणार नाही. वागणूक चांगली की वाईट, कॅपच्या कागदावर त्याचा रकाना नाहीच.

काही टीम्स आता शर्ती घालतात. झायन विल्यमसनच्या २०२२ च्या करारात वजनाचे पाउंड आणि शरीरातल्या चरबीचे टक्के यांची बेरीज २९५ च्या आत हवी अशी अट असल्याच्या बातम्या होत्या, आणि मॅचेस कमी खेळला तर शेवटच्या वर्षांची हमी जाते. माझ्या मते हे पुढे वाढत जाणार. पण स्टारसाठी तीन टीम्स रांगेत असतील तर अट कोण घालणार हाही प्रश्नच आहे.

मित्राला मी शेवटी एकच विचारलं, कुठल्याही टीमचा १५ वा खेळाडू कोण ते नाव सांग. नाही सांगता आलं. लीगमध्ये असे कितीतरी आहेत, कमीत कमी पगारावर, हमी नसलेल्या करारावर, आणि १० जानेवारीला त्या सीझनचे सगळे करार पक्के होतात आणि त्याआधी म्हणजे ७ तारखेपर्यंत टीमला सोडता येतं. त्यामुळे दर वर्षी ७ जानेवारीला संध्याकाळपर्यंत बातम्या येत राहतात, अमुक वेव्ह केला (म्हणजे सोडला), तमुक वेव्ह केला, एका ओळीत. हा माणूस प्रॅक्टिसला सगळ्यात आधी येतो, बेंचवर उभा राहून टॉवेल फिरवतो, कोणाचा गळा धरत नाही. त्याला दहा दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तरी तो बॅग भरून दुसऱ्या शहरात जायला तयार असतो.