१९० ई २.३-१६ पुन्हा उभी करताना पैसा कुठे गेला आणि हाती काय आलं

जुनी परफॉर्मन्स सेडान घ्यायचं डोक्यात असलेले बरेच जण असा हिशोब मांडतात की गाडी तशी स्वस्तात मिळतेय, थोडं इंजिनचं काम काढू, थोडं डेंटिंग पेंटिंग, झालं. माझी मर्सिडीज १९० ई २.३-१६ आता पूर्ण होऊन रोजच्यासारखी चालायला लागलीये, सगळी बिलं फाईलला लावलेली आहेत, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगते. गाडी जेवढ्याला घेतली त्याच्या साधारण अडीच पट पैसे नंतर तिच्यावर गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त गेले पत्रा आणि रंगावर. लोक घाबरतात इंजिनला. खर्च खातो पत्रा.

ही गाडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. १९८२ ला मर्सिडीजने १९० नावाची छोटी सेडान आणली, आणि तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनला इंग्लंडच्या कॉसवर्थ या रेसिंग इंजिन बनवणाऱ्या कंपनीने सोळा व्हॉल्व्हचं हेड (इंजिनचा वरचा भाग) करून दिलं, त्यातून २.३ लिटरमध्ये १८५ हॉर्सपॉवर, तेही टर्बोशिवाय. ऑगस्ट १९८३ मध्ये इटलीतल्या नार्डोच्या गोल ट्रॅकवर या गाड्या ५०,००० किलोमीटर पळवल्या, सरासरी ताशी जवळपास २४८ किलोमीटर, म्हणजे पेट्रोल, टायर, सर्व्हिस सगळं त्यातच धरून आठ दिवसांच्या वर सलग. पुढच्या वर्षी मे मध्ये न्युर्बुर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू झाला तेव्हा नावाजलेल्या ड्रायव्हर्सना याच गाड्या देऊन एक रेस ठेवली होती, ती फॉर्म्युला वनमध्ये नुकत्याच आलेल्या आयर्टन सेन्नाने जिंकली आणि निकी लाउडा दुसरा आला. हे सांगायचं कारण म्हणजे ही गाडी तासन्‌तास जोरात पळायलाच बनवलेली आहे, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक सगळं दणकट आहे. इतक्या वर्षांनी ती मरते ती गंजाने, वाळलेल्या रबराने आणि आधीच्या मालकांनी केलेल्या जुगाडाने. त्यामुळे अशी गाडी बघायला जाल तेव्हा बोनेट सगळ्यात शेवटी उघडा.

आता पत्रा. २.३-१६ ला चारही बाजूंनी प्लॅस्टिकचं बॉडीकिट आहे, दिसतं छान, पण खाली रनिंग बोर्डला जे स्कर्ट लावलेत त्यांच्या मागे चिखल आणि ओल साठून राहते आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. मी घेतली ती गाडी वरून चकचकीत होती, जॅक लावायच्या जागांची प्लॅस्टिकची बुचं काढून आत बोट घातलं तर पापुद्रे हातात आले, तिथेच भाव कमी करून घेतला आणि पत्र्यासाठी मोठी रक्कम बाजूला ठेवली. पुढे स्कर्ट, बंपर, पुढची फेंडर सगळं उतरवल्यावर खरा नकाशा दिसला. चारही जॅक पॉइंट, फेंडरच्या मागची खालची टोकं, बॅटरीखालचा ट्रे, आणि काचेखालचा जो खड्डा असतो जिथून पाणी खाली जायला पाहिजे तिथे पानं कुजून बसलेली. सनरूफच्या कोपऱ्यातून पाणी खाली नेणाऱ्या नळ्यासुद्धा तुंबलेल्या, म्हणजे ते पाणी वर्षानुवर्षं गाडीच्या आतच जिरत होतं.

पहिल्या वर्कशॉपमध्ये मला सांगितलं की वरून पॅच मारू, पुट्टी भरू, कोणाला कळणारपण नाही. मी गाडी उचलून दुसरीकडे नेली. गंजाच्या वर पत्रा जोडला की दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकते आणि तो पॅच दोनतीन पावसाळ्यांत सुटतो, शिवाय रनिंग बोर्ड आणि जॅक पॉइंट हे गाडीचं हाड आहे, तिथे पुट्टी म्हणजे अपघातात जीवाशी खेळ. दुसऱ्या माणसाने सगळं चांगला चमकता पत्रा लागेपर्यंत कापलं, आतला थर वेगळा बनवला, बाहेरचा वेगळा, वेल्डिंगच्या जागी झिंकचा प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि रंग झाल्यावर पोकळ भागांत लांब नळीने मेण फवारलं. या सगळ्यात माल थोडा लागतो, माणसाचे तास प्रचंड लागतात. आणि हे काम नंतर कुठेच दिसत नाही, स्कर्ट परत बसला की संपलं. मी फोटो काढून ठेवलेत प्रत्येक टप्प्याचे, कारण उद्या कोणी विचारलं की एवढा खर्च कशावर, तर दाखवायला तेवढंच आहे. (हे फोटो विम्यासाठी गाडीची किंमत ठरवतानापण फार कामाला आले.)

रंगाचं एक वेगळंच. सुरुवातीला ही गाडी दोनच रंगांत यायची, धुरकट चंदेरी आणि निळसर काळा, दोन्ही मेटॅलिक. माझी निळसर काळी. गडद मेटॅलिकमध्ये पत्र्याची एवढीशी लाट पण उन्हात दिसते, एका दरवाजाचा शेड दुसऱ्याशी जुळत नाही, त्यामुळे अर्धी गाडी रंगवू आणि बाकीची पॉलिश करू हा विचार सोडून द्यावा लागला आणि सगळी सोलून रंगवली. घासण्यात गेलेला वेळ रंग मारण्याच्या कितीतरी पट होता.

इंजिनकडे येते. उघडायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो) आणि लीकडाउन टेस्ट (तो दाब कुठून गळतो) दोन्ही करून घेतल्या, हे प्रत्येकाने करावं, कारण चारही सिलिंडरचे आकडे चांगले आणि जवळपास सारखे आले तर तळातलं इंजिन खोलायची गरजच नाही आणि तिथे फार मोठा पैसा वाचतो. माझे बरे आले. म्हणून फक्त हेड काढलं. कॉसवर्थचं हेड अॅल्युमिनियमचं, जुनं कूलंट तसंच ठेवलं तर पाण्याचे मार्ग आतून खाल्ले जातात आणि हे हेड नवीन शोधायचं म्हणजे गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा तिथेच. सुदैवाने हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करून, व्हॉल्व्ह बसवून, नवीन सील टाकून भागलं. टायमिंग चेन, तिचा टेन्शनर आणि गाइड न विचारता बदला, या इंजिनमध्ये चेन सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. टॅपेट सेटिंगपण (व्हॉल्व्हच्या वरचा गॅप) साध्या १९० सारखं तेलाच्या दाबावर आपोआप होणारं हायड्रॉलिक नाही, शिम म्हणजे पातळ चकत्या बदलून गॅप सेट करायला लागतो, वेळखाऊ काम आहे पण एकदा नीट झालं की इंजिनचा आवाजच बदलतो.

सगळ्यात जास्त वेळ मी स्वतः घालवला तो फ्युएल सिस्टिमवर, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त मजापण त्यातच आली. यात बॉशची केई-जेट्रॉनिक नावाची, बरीचशी मेकॅनिकल इंजेक्शन सिस्टिम आहे. लोक हिचं नाव काढलं की पळतात, काढून टाका आणि नवीन ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लावा असा सल्ला देतात. पण तत्त्व किती सुंदर आहे बघा. आत येणारी हवा एक गोल पाती सरकवते, पाती एक छोटा दांडा वर ढकलते, दांडा जेवढा वर तेवढं पेट्रोल चारही इंजेक्टरना सतत जात राहतं, दाब साधारण पाच बारच्या वर. इलेक्ट्रॉनिक्स फक्त शेवटचं बारीक करेक्शन करतं. म्हणजे पातीच्या पुढे कुठूनही चोरून हवा आली तर पातीला ती कळतच नाही आणि मिक्श्चर पातळ होतं, गाडी गरम झाल्यावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) हलायला लागते, मग कोणीतरी स्क्रू फिरवून मिक्श्चर घट्ट करतो, मग पेट्रोल जास्त खाते, मग दुसरा कोणीतरी अजून काही फिरवतो. माझ्या गाडीत हेच झालेलं होतं. आधी इंजेक्टरच्या रबरी रिंगा, पातीखालचा मोठा रबरी बूट, आयडलचे पाइप, सगळं कडक झालेलं रबर बदललं, टाकी उतरवून आतून साफ केली, फिल्टर आणि पंप नवीन, मग गेज लावून दाब बघितला आणि सगळ्यात शेवटी मिक्श्चर. याच क्रमाने. स्क्रूला हात शेवटी. रबरी सामानाचा खर्च बाकीच्या बिलांपुढे काहीच नाही आणि गाडीतला सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला.

सस्पेन्शनमध्ये मागे प्रत्येक चाकाला पाच लिंक, म्हणजे बुशच बुश (सांध्यांमधली रबरं). रबर किलोमीटरने म्हातारं होत नाही, वर्षांनी होतं, त्यामुळे गाडी कमी चाललीये यावर खूश होऊ नका. सगळे एकदम बदलले, लेमफर्डर या जर्मन कंपनीचे घेतले. आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी तिच्या वजनावर चाकांवर उभी पाहिजे, हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिकला हे आवर्जून सांगा, घाईत बरेच जण करत नाहीत. मागे सेल्फ लेव्हलिंगपण आहे, म्हणजे वजन वाढलं तरी मागची उंची आपोआप तीच ठेवणारी सोय, त्यात नायट्रोजन भरलेले गोळे असतात, त्यातला गॅस गेला की मागची बाजू दगडासारखी कडक होते. अनेक जण सगळं काढून साध्या स्प्रिंगा टाकतात, स्वस्त पडतं. मी गोळे नवीन टाकले, कारण माणसं आणि सामान भरल्यावरपण गाडी सपाट राहते ही या सेडानची मूळ हुशारी आहे आणि ती काढून टाकून मग ही गाडी ठेवायची कशाला.

पार्टचं गणित एकदा समजलं की बजेट करणं सोपं जातं. जे पार्ट साध्या १९० बरोबर सामाईक आहेत ते अजून मिळतात आणि भावपण ठीक असतो, ब्रेकचं बरंच सामान, लिंक, बेअरिंग, काचा, दरवाजाची रबरं. जे फक्त सोळा व्हॉल्व्हवाल्यालाच आहेत, म्हणजे हेड, पिस्टन, बॉडीकिट, सीटा आणि त्यांचं कापड, तिथे भाव सांगेल तो, आणि काही तर बनायचेच बंद झालेत, मग वापरलेले शोधत बसा. म्हणून मी सांगेन की इंजिनात थोडा धूर असलेली पण बॉडीकिट आणि सीटा पूर्ण असलेली गाडी घ्या, उलट घेऊ नका. आणि टायर! मूळ साइज २०५/५५ आर १५, या मापात चांगल्या ग्रिपचे टायर आता मोजकेच मिळतात, आणि मिळाले तर बाजूवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. खाचा खोल दिसतात म्हणून दहा वर्षांपूर्वीचा टायर अशा गाडीला लावू नका.

आता मिळालं काय ते. पैसे म्हणाल तर आज विकली तर घातलेलं सगळं परत येणार नाही, हे मला सुरुवातीपासून माहीत होतं आणि चालत होतं. वेग म्हणाल तर १८५ हॉर्सपॉवर आज साध्या फॅमिली गाडीत मिळतात. पण या इंजिनला ४,५०० आरपीएमच्या पुढे जे होतं ते साध्या गाडीत नाही. खाली ते शांत, जरा आळशीच वाटतं, आणि मग आवाज घट्ट होतो आणि काटा असा चढतो की तुम्ही गिअर बदलायचं लांबवता. गिअरपण उलटे, पहिला डावीकडे खाली, म्हणजे दुसरा आणि तिसरा एका सरळ रेषेत, वळणांच्या रस्त्यावर हेच दोन सारखे लागतात आणि हात आपोआप वर खाली होत राहतो. गिअर लिव्हरच्या लिंकेजचे छोटे बुश बदलल्यावर ते इतकं नेमकं झालं की मी कधी कधी उगीच खालचा गिअर टाकते. मोठ्या वेगात गाडी रस्त्याला चिकटून असते, चार माणसं आरामात बसतात, डिकीत सामान मावतं, घरच्यांना घेऊन लांब जाता येतं. नव्या गाडीत दोष आला की स्क्रीनवर दिवा लागतो आणि पुढचं सगळं दुसऱ्याच्या हातात. हिच्यात मला गरम असताना आयडल पन्नास फेऱ्यांनी खाली आला तरी कुठला पाइप बघायचा ते कळतं. हे ज्ञान मला फार मोलाचं वाटतं, त्यासाठी दिलेल्या पैशांचं मला एकदाही वाईट वाटलं नाही.

एक निर्णय आधीच घेतला होता आणि तो सगळ्यांनी आधीच घ्यावा, गाडी चालवायची की दाखवायची. दाखवायची असेल तर प्रत्येक बोल्टवर मूळ प्लेटिंग, प्रत्येक स्टिकर, आणि खर्च अजून कितीतरी वर. मी चालवायची ठरवली, त्यामुळे जिथे सुरक्षितता आणि चालणं आहे तिथे काटकसर केली नाही आणि डॅशबोर्डवरची बारीक चीर तशीच ठेवली. पाऊस असला तरी काढते, पण आल्यावर खालून पाणी मारून धुते आणि ड्रेनच्या नळ्या दर काही महिन्यांनी वाऱ्याने साफ करते.

राहिलंय ते ड्रायव्हर सीटच्या कडेचं फाटलेलं कापड, मूळ विणीचं मिळेपर्यंत थांबलेय, आणि एसीचा कॉम्प्रेसर जो गरमीत अजून आवाज करतो. कॉम्प्रेसर आधी करणार, कापड मिळेल तेव्हा.