उजवं कोपर, वय ७८

“या वयात ऑपरेशन कशाला? प्लास्टरच घाला ना,” आजींचा मुलगा म्हणाला. काळजीपोटीच म्हणाला. आजी ७८ वर्षांच्या, ओल्या फरशीवर घसरून उजव्या हातावर पडलेल्या. कोपर टम्म सुजलं होतं, पण मनगटाशी नाडी लागत होती आणि करंगळीला स्पर्श कळत होता.

सीटी स्कॅनमध्ये दंडाचं हाड अगदी सांध्यालगत फुटलेलं दिसलं. कूर्चेखालचे तुकडे इतके पातळ, की स्क्रूने धरायला मागे हाड जेमतेमच होतं. प्लास्टर हा पर्याय मी कधीच हसण्यावारी नेत नाही. हृदय भूल सोसणारं नसेल किंवा हाताकडून फार अपेक्षा नसेल, तर थोडे दिवस आधार देऊन हालचाल सुरू करतो. बरेच वृद्ध त्यावर निभावतात. म्हणून आधी आजींनाच विचारलं, या हाताने काय काय करता?

“सगळंच. केस विंचरते, स्वतःच्या हाताने जेवते. कुणी भरवलेलं मला चालायचं नाही.”

त्यासाठी कोपर साधारण ३० ते १३० अंशांपर्यंत वाकायला हवं. आणि हा सांधा फार लवकर आखडतो. जे काही करू ते इतकं भक्कम हवं, की दोन-तीन दिवसांत हात हलवता येईल. दोन प्लेटा लावायच्या की सांधाच बदलायचा? बदललेल्या कोपराला जन्मभर बंधन असतं: एका वेळी फार तर ५ किलो, वारंवार उचलायचं तर किलोभर. वॉकरवर रेलून चालणाऱ्या माणसाला हे फार जड जातं, कारण त्याचे हात पायांचंही काम करतात. आजींचा उजवा गुडघा झिजलेला, त्यामुळे काठी डाव्या हातात. म्हणजे उजव्या कोपरावर चालण्याचा भार नव्हता. हे कळल्यावर मला बराच धीर आला.

तरी दोन्ही संच तयार ठेवले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडियन चाचणीत, ६५ वर्षांवरच्या रुग्णांपैकी प्लेटसाठी निवडलेल्या २० जणांतल्या ५ जणांचा सांधा ऐन ऑपरेशनमध्ये बदलावा लागला होता.

आजींना कुशीवर घेतलं, मागून छेद दिला. सर्वांत आधी अल्नर नस शोधून मोकळी केली. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या नेते तीच ही नस. मग तुकडे जुळवून पाहिले. ड्रिल आत गेलं तेव्हा हाताला रोधच जाणवला नाही, इतकं हाड ठिसूळ होतं. तारेने धरलेला तुकडा कोपर वाकवताच सरकला. भूलतज्ज्ञांकडे पाहिलं; रक्तदाब स्थिर होता. “सांधा बदलतोय,” मी सांगितलं. सांध्याचे तुटके तुकडे काढल्यावर दोन्ही बाजूंनी वाट मिळते, त्यामुळे दंडामागचा स्नायू हाडापासून सोडवावा लागला नाही. हात सरळ करण्याची ताकद त्याच्यावर असते, म्हणून याचं मला विशेष समाधान वाटलं. दोन्ही हाडांत सिमेंटने दांडे बसवले, बिजागरी जोडली, आणि कोपर अलगद वाकलं.

जखम कोरडी दिसताच व्यायाम सुरू केले. टाके काढायला आल्या तेव्हा हात तोंडापर्यंत पोहोचत होता. केसांना मात्र अजून वेळ होता.

“बादली उचलू का?”

“नाही आजी. बादली कायमची मुलाकडे.”

मग मुलाला वेगळं बसवून पुढचं सांगितलं. उभं राहताच आजींचा रक्तदाब उतरत होता, त्यामुळे गोळ्या फिजिशियनकडून बदलून घ्यायच्या होत्या. हाडांची घनता मोजून ठिसूळपणावर उपचारही सुरू करायचे होते, कारण पुढच्या पडण्यात खुबा मोडू शकतो.